नटीची कमाई कुणाच्या हातात?

तिसरी_घंटा (शनिवार, रात्री १०:५२)

मागच्या महिन्यात आत्याचं घर रिकामं केलं. आत्या म्हणजे पस्तीस वर्षं शाळेत गणित शिकवलेली, लग्न न केलेली, आणि सिनेमाला वर्षातून एकदा, तेही कुणी ओढून नेलं तरच जाणारी बाई. तिच्या कपाटाच्या खालच्या खणात जुन्या पातळात गुंडाळलेली आठ पुस्तकं निघाली. आठही सिनेनट्यांची. दुर्गा खोटे, हंसा वाडकर, लीला चिटणीस, स्नेहप्रभा प्रधान, शांता हुबळीकर, उषा किरण, जयश्री गडकर, आणि सगळ्यांत जुनं शांता आपटे यांचं. हे शेवटचं म्हणजे आत्मचरित्र नव्हे, सिनेमाच्या धंद्यावर आहे.

समासात पेन्सिलीच्या खुणा. मला वाटलं, आत्यानं चोरून प्रेमप्रकरणं वाचली की काय! तासभर पानं उलटल्यावर लक्षात आलं, खुणा सगळ्या पैशांच्या मजकुराला आहेत. पगार, करार, उसनवारी, भाडं, कुणी नेले, कुणी बुडवले. काही ठिकाणी कडेला बेरजासुद्धा.

तेव्हापासून डोक्यात हेच चाललंय. या बायकांबद्दल आपण बोलतो ते दोनच गोष्टी. कुणाचं कुणाशी होतं, आणि शेवट किती वाईट झाला. मधली तीस-चाळीस वर्षं त्या कामाला जात होत्या. पहाटे उठून, मेकअप करून, पोटाला चिमटा काढून किंवा न काढता. तो पगार कुणाच्या हातात पडत होता?

शांता आपटेपासून सुरुवात करते. 'कुंकू' १९३७ चा. म्हाताऱ्याशी फसवून लावलेलं लग्न न मानणारी नीरा तिनं उभी केली आणि ती देशभर माहीत झाली. दोनच वर्षांनी ही बाई 'प्रभात'शी कराराचा वाद झाला म्हणून पुण्यात कंपनीच्या फाटकाशी उपोषणाला बसली. १९३९ साल. पडद्यावरच्या बंडाला टाळ्या वाजवणाऱ्या कंपनीच्या दारातच! लगेच १९४० मध्ये तिचं 'जाऊ मी सिनेमात?' आलं. प्रश्नचिन्ह तिचंच.

तुम्हाला ज्यांच्याबद्दल माहिती आहे त्यांच्याविषयी लिहा. एकच अट, भानगडी नकोत. हिशेब हवा.

काकडी_खमंग (शनिवार, रात्री ११:१५)

वाचनखूण साठवली. भानगडी नकोत म्हणजे धागा पन्नास प्रतिसादांत आटपणार. :)

अण्णा_ठाणेकर (रविवार, सकाळी ७:०४)

चांगला विषय. पण मुळात घरंदाज बायका सिनेमात आल्या त्या दुर्गा खोट्यांपासून. त्या पहिल्या. त्याआधी पुरुषच साड्या नेसायचे.

रीळ_तुटलं (रविवार, सकाळी ९:३०)

अण्णा, 'घरंदाज' शब्द बाजूला ठेवू. पहिल्या म्हणाल तर दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमला. फाळक्यांचा 'मोहिनी भस्मासुर', १९१३. आई पार्वती, मुलगी मोहिनी. दुर्गाबाई नवऱ्यापासून वेगळ्या झालेल्या, पोटासाठी नाटक मंडळीत शिरलेल्या, मुलगी बरोबर. म्हणजे आपल्या सिनेमाची पहिली नटी ही एकटीनं मूल वाढवणारी बाई होती. कमलाबाई पुढे गोखले झाल्या, त्याही तरुणपणीच विधवा झाल्या आणि रंगभूमीवर काम करून तीन मुलगे वाढवले. त्यातले एक चंद्रकांत गोखले, नातू विक्रम गोखले.

त्याआधीच्या 'राजा हरिश्चंद्र'ला फाळक्यांना तारामती मिळेना. कोठीवरच्या बायकांनाही विचारून झालं, त्याही नको म्हणाल्या. मग हॉटेलात काम करणारे अण्णा साळुंके तारामती झाले. हॉटेलात दहा रुपये मिळत होते, फाळक्यांनी पंधरा देऊ केले, असं सांगतात. पुढे 'लंका दहन'मध्ये (१९१७) राम पण तेच आणि सीता पण तेच. डबल रोल, पगार बहुधा सिंगल.

आता पुढची गंमत बघा. त्याच तारामतीसाठी १९३२ मध्ये 'अयोध्येचा राजा' करताना शांतारामबापू दुर्गा खोट्यांकडे गेले. एकोणीस वर्षांत तीच भूमिका हॉटेलच्या भटारखान्यातून सेंट झेवियर्समध्ये शिकलेल्या बाईपर्यंत आली. पण बाई हौसेनं आल्या नव्हत्या. मोठ्या वकिलाची मुलगी, श्रीमंत घरात दिलेली, आणि सासरचा पैसा बुडाला. आधी शिकवण्या केल्या. मग 'फरेबी जाल'मध्ये (१९३१) छोटंसं काम केलं, तेही पैशासाठी. सिनेमा भिकार निघाला आणि बदनामी पदरात पडली. पुढे नवरा लवकर गेला, पदरात दोन मुलगे.

तिसरी_घंटा (रविवार, सकाळी १०:१२)

@रीळ, बरोबर तिथेच आत्याची खूण आहे. शिकवण्यांच्या ओळीला. दोन रेघा मारल्यात.

रीळ_तुटलं (रविवार, सकाळी १०:४०)

घाईत महत्त्वाचं राहिलं. तेव्हाची कंपनी म्हणजे गिरणीच समजा. मासिक पगार, हजेरी, शूटिंग नसेल त्या दिवशीही यायचं, आणि दुसऱ्या कंपनीत काम करायला बंदी. कलाकार म्हणजे कंपनीचा नोकर. नटी गाणारी असेल तर तिचा गळाही कंपनीचा, कारण पार्श्वगायन रुळेपर्यंत स्वतःच गायचं होतं.

दुर्गाबाईंनी ही चौकट फार लवकर मोडली. 'प्रभात'चं काम करायचं, पण बांधून घ्यायचं नाही. कलकत्त्याला जाऊन 'सीता' (१९३४) केला, परत येऊन 'अमरज्योती' (१९३६) केला. एकेका चित्रपटाचा करार, हे आज साधं वाटतं. तेव्हा दोन मुलांच्या आईनं महिन्याचा बांधलेला पगार नाकारणं म्हणजे पोटात गोळा आणणारी गोष्ट असणार. स्वतः चित्रपट काढले, पुढे जाहिरातपट आणि लघुपटांचा धंदा उभा केला. दूरदर्शनवरची 'वागले की दुनिया' (१९८८) त्यांच्याच कंपनीची. 'बॉबी'तली आजी एवढीच त्यांची ओळख असलेल्यांनी हे वाचावं.

अवांतर: 'मायामच्छिंद्र'मध्ये त्या राणी आहेत आणि शेजारी खराखुरा चित्ता. त्याचा करार कसा होता कोण जाणे.

अण्णा_ठाणेकर (रविवार, दुपारी १२:२०)

दुरुस्ती मान्य. पण आक्षेप आहे. पैसा पुरुषांचाही गेला. फाळके १९४४ ला नाशकात गेले तेव्हा जवळ काय होतं? भगवानदादांचा जुहूचा बंगला, गाड्या सगळं गेलं आणि ते दादरच्या चाळीत राहिले. हा धंदाच असा. यात बाईपुरुष कशाला आणायचं?

तिसरी_घंटा (रविवार, दुपारी १:०५)

अण्णा, भगवानदादांनी स्वतःचे पैसे स्वतः सिनेमात घातले आणि बुडाले. वाईटच झालं. पण पैसे आधी त्यांच्या हातात आले, जुगार त्यांचा होता. मी विचारतेय ते हातात न आलेल्या पैशांबद्दल.

भगवानदादांचं नाव निघालंच आहे तर ललिता पवार. १९४२, 'जंग-ए-आझादी'. प्रसंगात भगवानदादांनी थोबाडीत मारायची होती, ती खरीच आणि जोरात बसली. चेहऱ्याला लकवा, तीनेक वर्षं उपचार, डावा डोळा कायमचा बारीक झाला. तोवर ही बाई नायिका होती. गायची, स्टंट करायची, 'नेताजी पालकर'मध्ये (१९३९) होती. चित्रपटनिर्मितीतही पैसे घातलेले, मूकपटाच्या काळापासून. हे फार कुणाला ठाऊक नसतं. परत आली ती खाष्ट सासू होऊनच. त्या बारीक डोळ्याचंच तिनं भांडवल केलं आणि पुढची चाळीस-पन्नास वर्षं काम मिळवलं. थेट 'रामायण'मधल्या मंथरेपर्यंत.

कामावर अपघात झाला. गिरणीत झाला असता तर निदान युनियन दारात उभी राहिली असती.

मेथकूट_भात (रविवार, दुपारी २:४८)

ललिताबाई येवल्याच्या ना? माहेरचं नाव अंबा सगुण. आमच्या आजीला त्यांचा इतका राग होता की 'अनाडी' बघताना ती मिसेस डिसा आपल्या राज कपूरशी प्रेमानं वागतेय हे तिला खरंच वाटेना. शेवटपर्यंत म्हणत राहिली, "बघ, आता विष घालील." त्या भूमिकेला फिल्मफेअर मिळालं होतं.

वसईची_सून (रविवार, दुपारी ३:३३)

मी लहानपणी पैसे मिळवणाऱ्यांबद्दल लिहिते. मास्टर विनायक १९४७ ला गेले तेव्हा नंदा आठ-नऊ वर्षांची होती. विनायक म्हणजे 'ब्रह्मचारी'चे दिग्दर्शक, पण पश्चात घरात पैसा नव्हता. 'बेबी नंदा' म्हणून पोरगी कामाला लागली. शाळा सुटली. भावंडं वाढली, आणि आपण 'तूफान और दिया' बघून हुंदके देत राहिलो की बहीण भावासाठी किती करते! पडद्यावर आणि घरात एकच काम चालू होतं. लग्न केलं नाही.

नूतनचं उलट. आई शोभना समर्थ स्वतः मोठी नटी, 'रामराज्य'मधली सीता, घरोघर जिची कॅलेंडरं लागली ती. मुलीला स्वतः चित्रपट काढून पुढे आणलं. पुढे मायलेकींत पैशावरूनच बिनसलं आणि बरीच वर्षं अबोला राहिला. मिटलं, पण किती उशिरा. आईनं उभं केलेलं करिअर, त्याची कमाई कुणाची? घरच्या दुकानात मुलगा बसला तर हा प्रश्न पडतो का?

उषा किरण आमच्या वसईच्या. त्या मला सगळ्यांत खमक्या वाटतात. 'पतिता'ची नायिका, फिल्मफेअरचा सहाय्यक अभिनेत्रीचा अगदी पहिला पुरस्कार 'बादबान'साठी, आणि पुढे मुंबईच्या नगरपाल (शेरीफ).

काकडी_खमंग (रविवार, दुपारी ४:०१)

(मजकूर संपादित)

संपादक (रविवार, दुपारी ४:२०)

काकडी_खमंग, धागाकर्तीनं घातलेली अट मूळ धाग्यातच आहे. पुढच्या वेळी प्रतिसाद नव्हे, आयडी उडेल.

काकडी_खमंग (रविवार, दुपारी ४:२२)

खाली मान घालून बसलो आहे. चणे-फुटाणे चालतील का?

खासबागी (रविवार, संध्याकाळी ६:१०)

सगळे नायिकांबद्दल लिहिताय. माझी आज्जी कोल्हापुरात एक्स्ट्रा होती. जयप्रभा आणि शालिनी, दोन्ही स्टुडिओत गेलीय. जत्रेच्या गर्दीत, पाणवठ्यावर, तमाशाच्या सिनेमात मागं बसलेल्या बायकांत. १९५२-५३ पासून लग्न होईपर्यंत.

तिच्याकडून ऐकलेलं: सकाळी मुकादम गल्लीत यायचा. "आज धा बायका पायजेत, लुगडं पांढरं नको." पांढरं कॅमेऱ्याला चालायचं नाही म्हणे. रोज ठरलेला, पण तो मुकादमाच्या हातात. संध्याकाळी तो आपलं काढून घेऊन उरलेलं वाटायचा. "आमी कधी हापिसाचं दार बघितलंच न्हाई," असं म्हणते.

सुलोचनाबाईंबद्दल मात्र हळवी होते. त्याही खडकलाटच्या, गावाकडनंच आलेल्या, दिग्दर्शक भालजी पेंढारकरांच्या कंपनीत खालनं वर चढलेल्या. भालजींनी डोळे बघून 'सुलोचना' नाव ठेवलं. आज्जी म्हणते, जेवणाच्या सुट्टीत बाई कधी कधी आमच्यातच येऊन बसायच्या. 'मोलकरीण' लागला तेव्हा गल्लीतल्या बायका डबे घेऊन थेटरात गेल्या होत्या. पुढं हिंदीत आई म्हणून इतकी कामं केली की मोजदाद नाही. पद्मश्री, महाराष्ट्रभूषण झालं. २०२३ ला गेल्या तेव्हा आज्जीनं दिवसभर टीव्ही बंद करू दिला नाही.

रीळ_तुटलं (रविवार, संध्याकाळी ७:४५)

@खासबागी, या प्रतिसादासाठी धागा वर ठेवा कुणीतरी. जयश्री गडकरही मागच्या रांगेतूनच आल्या. 'झनक झनक पायल बाजे'त (१९५५) संध्याच्या मागं नाचणाऱ्या मुलींत त्या होत्या. चार वर्षांत 'सांगत्ये ऐका'मधली 'बुगडी माझी सांडली गं' त्यांच्यावर. कारवारकडची मुलगी, घरात बोलीही वेगळी, आणि महाराष्ट्रानं अस्सल घाटावरची नार म्हणून डोक्यावर घेतली.

मेथकूट_भात (रविवार, रात्री ९:२६)

'सांगत्ये ऐका'चं नाव निघालं आणि अजून हंसा वाडकरांवर कुणी लिहिलं नाही? मग मीच लिहिते, लांब होईल.

मूळ नाव रतन साळगावकर. सिनेमात जायचं तर घरचं आडनाव नको, म्हणून वाडकर. 'विजयाची लग्ने' १९३६ चा, म्हणजे तेव्हा वय बारा-तेरा. घरात मिळवतं कुणी नाही म्हणून पाठवलेली पोर. शाळेची हौस होती, ती तिथेच संपली. पुढे कोवळ्या वयात लग्न. बाईंची इच्छा साधी होती, आता काम बंद करावं, संसार करावा. पण संसार चालणार होता तो यांच्याच पैशावर. नवऱ्याला बायको घरात हवी होती आणि तिचा पगारही हवा होता. मग संशयही तोच घेणार, करारही तोच ठरवणार. मला त्या पुस्तकातलं हेच सगळ्यांत जास्त लागलं. दारू, पळून जाणं, मराठवाड्यातल्या एका गावात जवळजवळ कोंडून घेतल्यासारखी काढलेली वर्षं, हे सगळे सांगतात. पण या सगळ्याच्या मुळाशी एक मिळवती बाई आहे जिला थांबायची परवानगी नव्हती.

कामाचं बघायचं तर 'संत सखू'सारखी सोज्वळ भूमिका आणि 'रामजोशी'मधली (१९४७) बया, दोन्ही त्याच बाईनं केल्यात. 'सांगत्ये ऐका' १९५९ ला आला आणि पुण्यात विजयानंदला अडीच वर्षांच्या घरात चालला. आमचे आजोबा सांगायचे, थेटरवाल्याचा मुलगा सिनेमा लागला तेव्हा पहिलीत होता, उतरला तेव्हा तिसरीत. आजोबांच्या आकड्यांवर फार जाऊ नका. पण तमाशापटांची लाट त्यानंतर किती वर्षं चालली ते बघा, आणि ज्या बाईच्या जिवावर ती उठली ती पन्नाशीही न गाठता गेली. आत्मकथनाला नावही त्याच सिनेमाचं. त्यांनी सांगितलं आणि अरुण साधूंनी शब्द दिले.

मग 'भूमिका', १९७७. हंसाबाईंच्या आयुष्यावर बेनेगलांनी काढलेला, स्मिता पाटीलला राष्ट्रीय पुरस्कार देणारा. स्मिता तेव्हा बावीस वर्षांची. मंत्र्याची मुलगी, शिकलेली, दूरदर्शनवर बातम्या दिलेली. हवं ते काम घ्यायचं, नको ते सोडायचं हे तिला तोवर तरी परवडत होतं. ती जिला उभी करत होती तिला आयुष्यभर कशालाच नाही म्हणता आलं नाही. 'भूमिका' परत बघाल तेव्हा पैसे देण्याघेण्याचे प्रसंग बघा. नवरा कंपनीवाल्यांशी कसा बोलतो ते बघा.

अण्णा_ठाणेकर (रविवार, रात्री १०:१५)

मेथकूट, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. माझा दुपारचा आक्षेप अर्धा मागे घेतो. अर्धा राहू द्या, वयाचा मान म्हणून.

ईस्टकोस्टचा_बाळू (सोमवार, पहाटे ५:४०)

इकडून लिहितोय. लीला चिटणीस आमच्यापासून तासाभरावर, कनेटिकटमधल्या डॅनबरीत २००३ ला गेल्या. धारवाडला जन्म, बी. ए. झालेल्या, डॉक्टर नवरा, चार मुलगे. वेगळं झाल्यावर शाळेत शिकवलं, नाटकं केली, मग सिनेमा. 'कंगन' (१९३९), 'बंधन', 'झूला', तिन्हीत समोर अशोककुमार. लक्स साबणाच्या जाहिरातीत झळकलेल्या पहिल्या हिंदी नटी त्याच, १९४१ साली.

मला हिशेब वेगळाच दिसतो, वर्षांचा. 'कंगन'मध्ये नायिका. 'शहीद'मध्ये (१९४८) दिलीपकुमारची आई. नऊ वर्षं! त्यानंतर खोकत, शिवणयंत्र चालवत, मुलाची वाट बघत पस्तीसेक वर्षं. अशोककुमार मात्र पन्नाशीतही नायकाला टक्कर देत होते. आईच्या भूमिकेला नायिकेचे पैसे मिळत नाहीत. म्हणजे कमावण्याची वर्षं बाईला नऊ आणि पुरुषाला पंचवीस. आत्याबाईंनी ही बेरीज केलीय का बघा.

रीळ_तुटलं (सोमवार, सकाळी ८:५५)

बाळू, मस्त मुद्दा. आणि नायिका असतानाची किंमतही बघा. 'ब्रह्मचारी'त (१९३८) मीनाक्षी शिरोडकर पोहण्याच्या पोशाखात 'यमुनाजळी खेळू' म्हणाल्या, गावोगाव बोंब झाली आणि गल्लेही भरले. अत्रे-विनायक धीट ठरले, बाई निर्लज्ज. (नम्रता आणि शिल्पा शिरोडकर त्यांच्या नाती.)

शांता हुबळीकरांनी 'माणूस'मध्ये (१९३९) 'कशाला उद्याची बात' म्हटलं, अख्ख्या महाराष्ट्रानं गुणगुणलं. उतारवयात त्या वृद्धाश्रमात राहिल्या. आत्मचरित्राला नाव तेच गाण्याचं. ते शीर्षक मला कपाटात उलटं ठेवावंसं वाटतं.

कॉलटाइम (सोमवार, सकाळी ११:३०)

आजवर वाचनमात्र होते. मी मालिकांत काम करते. नायिकेची नणंद, नायकाची वहिनी, एकदा डॉक्टर. सेट घोडबंदर रोडला. तुम्ही सगळे जुन्या काळाबद्दल बोलताय म्हणून आजचा हिशेब देते.

दर दिवसावर ठरतो. महिन्यात किती दिवस बोलावतील ते चॅनेलच्या मनावर, म्हणजे टीआरपीवर. शिफ्ट बारा तासांची, घरी पोचेपर्यंत पंधरा. पैसे नव्वद दिवसांनी. जूनमध्ये रडले की सप्टेंबरअखेर चेक. मधले तीन महिने घरमालक थांबत नाही. नवीन मुलींना आई-वडील पैसे पाठवतात म्हणून तर त्या टिकतात. ज्यांचे पाठवू शकत नाहीत त्या परत जातात, आणि आपण म्हणतो अमकी मुलगी कुठे गायब झाली.

एका मालिकेत माझ्या शेवटच्या बावीस दिवसांचे पैसे राहिले. निर्मात्याचं नाव विचारू नका, सांगणार नाही, मला अजून काम करायचंय. फोन केला की "मॅडम, फाइल वर गेलीय." दोन वर्षं झाली, फाइल स्वर्गात पोचली असणार. मालिकेतून काढणं म्हणजे काय तेही सांगते. रात्री साडेअकराला व्हॉट्सॅपवर सीन येतो, तो वाचताना कळतं की उद्या आपण अपघातात मरतो. फोटोला हार घालायचा सीनही आपल्याच फोटोचा, त्याचे पैसे नाहीत.

एक फरक आहे, तो मान्य करते. चेक माझ्या नावानं येतो. नव्वद दिवसांनी का होईना, माझ्याच खात्यात. वरचं हंसाबाईंचं वाचून पासबुक काढून बघितलं काल.

वसईची_सून (सोमवार, दुपारी १२:१०)

@कॉलटाइम, लिहीत राहा. अपघाताचं वाचून रंजना आठवली. 'चानी', 'अरे संसार संसार', 'गुपचुप गुपचुप', 'बिनकामाचा नवरा'. विनोदही आणि रडणंही त्याच ताकदीचं. संध्याची भाची, वत्सला देशमुखांची मुलगी. १९८७ मध्ये 'झंजार'च्या शूटिंगला बंगळूरला जाताना गाडीला अपघात झाला आणि पाय गेले. वय बत्तीसच्या आसपास, मराठीतली पहिल्या क्रमांकाची नायिका. काम जिथल्या तिथं थांबलं. पुढे 'फक्त एकदाच' हे नाटक चाकाच्या खुर्चीतून केलं. मार्च २००० मध्ये गेली. सेटवर जातानाच्या प्रवासात झालेला अपघात, तो कामावरचा धरायचा की नाही? तुमच्या करारात काय लिहितात?

कॉलटाइम (सोमवार, दुपारी १२:१८)

करार इंग्रजीत असतो, चौदा पानांचा. सही करायला मेकअपरूममध्ये पाच मिनिटं मिळतात, एका डोळ्याला आयलायनर लावून झालेलं असतं.

तिसरी_घंटा (सोमवार, रात्री ९:४०)

बाळूनं बेरजेबद्दल विचारलं म्हणून आज सगळ्या खुणा परत काढल्या. हंसाबाईंच्या पुस्तकात शेवटच्या कोऱ्या पानावर एक उभी बेरीज आहे. मला आधी वाटलं त्यांच्या पगाराची. पण आकडे हंसाबाईंच्या काळाशी जुळेनात. महिन्याचा आकडा, गुणिले बारा, दर काही वर्षांनी थोडा वाढलेला, एकूण पस्तीस ओळी.

आत्याचा पगार आहे तो. शाळेचा.

बाबांना फोन केला. म्हटलं, आत्याचा पगार कुणाकडे असायचा? म्हणाले, "आधी अप्पांकडे, मग माझ्याकडे. घरातच असायचा ना. तिला कशाला लागायचे पैसे?" जरा वेळ थांबून म्हणाले, "तुझं इंजिनिअरिंग त्यातूनच झालं."

बेरजेखाली एकच वजाबाकी आहे. आठ पुस्तकांच्या किमती.

काकडी_खमंग (सोमवार, रात्री ९:५५)

काही सुचत नाहीये. चणे खाली ठेवले.

खासबागी (मंगळवार, दुपारी १:१५)

रविवारपासूनचा धागा आज्जीला मोठ्यानं वाचून दाखवला. वय नव्वदीला टेकलंय, ऐकायला थोडं कमी, त्यामुळं शेजाऱ्यांनाही ऐकवून झाला.

विचारलं, मुकादमानं दिलेले पैसे तू कुणाला द्यायचीस? म्हणाली, "बाच्या हातात. पर आमी पोरी का येड्या न्हवतो. जत्रंचा शीन आसला की कंपनी खरंच रेवड्या, चिरमुरं आणायची. सायब कट म्हणला की पदरात भरून घरला. त्येचा हिशेब ना मुकादमाकडं, ना बाकडं." आणि एका सिनेमात फडावरची गर्दी म्हणून लोकांनी दौलतजादा फेकायची होती. खोटे पैसे कमी पडले म्हणून कुणीतरी खिशातले खरे फेकले. तिनं ते पायाखाली दाबून धरले आणि सीन संपेपर्यंत जागची हलली नाही. दिग्दर्शकानं कौतुक केलं म्हणे, ही पोरगी बघा कशी स्तब्ध उभी राहते.

किती होते, विचारलं तर अजून सांगत नाही. वर मला दम दिला, "त्या तुज्या धाग्यावर माजं नाव घालू नगंस. मुकादमाची पोरं हाईत अजून, मागायला येतील."